बहिणीची पत्रिका घरीच केली आहे, प्रेसला देण्याआधी जाणत्यांनी सांगा (कोल्हापूर)

साचेवाला

नमस्कार मंडळी. थोडं लांबण आहे, चहा घेऊन बसा.

ताईचं लग्न मार्गशीर्षात आहे, कार्यालय फुलेवाडीच्या पुढं. पत्रिका मी स्वतः केली आहे. मी काही कलानिकेतनचा, म्हणजे चित्रकलेच्या कॉलेजचा नव्हे. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत पॅटर्नची ड्रॉइंगं करतो, दिवसभर ऑटोकॅड. पण तयार पत्रिकांच्या दुकानांत ताईबरोबर दोन रविवार घालवले आणि डोकं फिरलं. आल्बम उघडला की तोच पालखीतला गणपती, तीच तुतारी, तेच मोरपीस. सातव्या आल्बमला ताई म्हणाली, "ही पत्रिका मला गेल्या वर्षी तीन मैत्रिणींकडनं आली." म्हटलं चल, मीच करतो, आठ दिवसांचं काम. ते घटस्थापनेच्या आधी म्हटलं होतं. आता दिवाळी तोंडावर आली.

कल्पना अशी. आईचा कोल्हापुरी साज आहे, तिच्या लग्नातला, गुजरीत केलेला. बाबा २०२१ मध्ये गेले, तेव्हापासून तो डब्यातनं बाहेर आला नव्हता. साजाला २१ पानं असतात. १० दशावतारांची, ८ अष्टमंगळांची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरलं. मी तो ग्राफ पेपरवर पसरून वरून फोटो काढले आणि पानं ट्रेस केली. कासव, मासा, शंख, नाग, भुंगा. हातात घेऊन बघेपर्यंत मला हे माहीतच नव्हतं की पानं भरीव सोन्याची नसतात, पातळ पत्रा आणि आत लाख. एका पानातली लाख कधीतरी गळून गेली आहे, ते बोटाला हलकं लागतं आणि कड किंचित चेपली आहे. ती चेप पण तशीच काढली आहे. अर्धी बाजू काढली, मिरर मारली, खाली मधोमध डोरलं. दोन रात्री वाचल्या. साज गळ्यात रुळतो तसा तो पत्रिकेवर लोंबतो आणि मधल्या जागेत मजकूर. रंग अर्थातच सोनेरी.

आकार साडेपाच बाय सव्वाआठ इंच. दोन कार्डं, दोन्ही ३०० जीएसएम (कागदाचं वजन, चौरस मीटरला इतके ग्रॅम). एकावर लग्न, दुसऱ्यावर हळद आणि कार्यालयाचा नकाशा. ६०० नग.

आता अडलंय कुठं?

लक्ष्मीपुरीत एकानं नगाला ५२ रुपये सांगितले. शाहूपुरीत एकानं तीच फाइल बघून २१. फरक कशाचा विचारलं तर दोघंही म्हणाले, "क्वालिटीचा." आमच्याकडं कास्टिंगचा दर असा सांगितला तर गिऱ्हाईक जिना उतरून जाईल.

दुसरं, अक्षरं. मजकूर मी मोबाइलवर टाइप केला. प्रेसच्या काँप्युटरवर उघडला तर "निमंत्रण"ची वेलांटी उडी मारून न च्या पलीकडं आणि "वऱ्हाड"चं "वर्हाड". ऑपरेटर म्हणाला, "चालतंय की, कळतंय." मला नाही चालत.

तिसरं डिझाइनचं नाही, पण त्याच्यापायी फाइल आठ दिवस तशीच पडून आहे. मोठे काका म्हणतात निमंत्रक म्हणून त्यांचं आणि काकूंचं नाव घालायचं, पद्धत आहे. बाबांचं "कै." लावून मधे. आणि आईचं? "येईल की खाली, स्वागतोत्सुकमध्ये." काका वाईट नाहीत. बाबा गेल्यावर ताईच्या शेवटच्या दोन वर्षांची फी त्यांनी भरली आहे, त्यामुळं माझा आवाज चढत नाही. आईला विचारलं तर, "माझं कशाला रं, तुम्ही पोरं ठरवा." ताई म्हणते आईचं नाव वर नसेल तर पत्रिकाच नको, व्हॉट्सॲपवर तारीख टाकू. मी मधे.

तुमच्याकडं असं कुणाच्या घरी झालं असेल तर नेमके शब्द काय छापले ते सांगा. "संवाद साधा" असला सल्ला नको, साधून झालाय.

नाद_एकच

भावा, पत्रिका वाचतंय कोण? लोक तारीख, कार्यालय आणि जेवणाची वेळ बघतात, मग ती फ्रिजवर जाते. ६०० गुणिले ५२ म्हणजे ३१ हजार २००. त्यात हळदीच्या आदल्या दिवशीचा तांबडा-पांढरा निघतो आख्ख्या भावकीचा.

बाकी साजाची आयडिया जगात भारी. ती सोडू नको.

ट्रेडलमास्तर

वय वर्षे ७१. चाळीस वर्षं छापखान्यात काढली, सगळी शाहूपुरीत. आधी खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवली, मग ट्रेडल म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र चालवलं, मग मालकानं काँप्युटर आणला तेव्हा पन्नाशीच्या आत-बाहेर डीटीपी, म्हणजे त्याच्यावर पानं लावायला शिकलो. नातवानं हा प्रश्न वाचून दाखवला म्हणून लिहितोय.

बाळ, ५२ वाला फॉइल, म्हणजे तापवून दाबायची सोनेरी पन्नी, धरून बोलतोय आणि २१ वाला तुझं सोनेरी नेहमीच्या छपाईच्या चार शाईंतनं काढणार आहे. चार शाईंतनं सोनं होत नसतं. स्क्रीनवर चमकतं ते, कागदावर मोहरी फेसल्यासारखं मातकट पिवळं येतं. तू प्रूफ बघून रडशील आणि तो म्हणेल फाइलच तशी होती. आता फॉइलचं. त्याला धातूचा ब्लॉक करावा लागतो आणि ब्लॉकचे पैसे क्षेत्रफळावर लागतात. तुझा साज आख्ख्या कार्डाभोवती फिरतो. मधे मोकळं असलं तरी ब्लॉक आख्ख्या कार्डाएवढाच करावा लागणार. तिथं तुझे पैसे चाललेत. शिवाय फॉइलला केसासारखी रेघ सोसत नाही. माशाचे खवले तू किती बारीक काढलेस मला माहीत नाही, पण पाव मिलीमीटरच्या खालची रेघ एक तर तुटते नाही तर शेजारच्या रेघेला चिकटते. ऑटोकॅडमध्ये झूम करून खूश होऊ नको. खऱ्या मापात कागदावर काढ, हातभर लांब धर आणि बघ.

मी असतो तर स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीतनं शाई ओढून छपाई, केलं असतं. एका रंगाला एक स्क्रीन. दोनच रंग घ्यायचे, साजाला सोनेरी शाई आणि मजकुराला कुंकवाचा लाल. ६०० नगांना हे बरोबर बसतं. ऑफसेटला प्लेटचा आणि मशीन लावण्याचा खर्च एवढ्याशा नगांवर अंगावर येतो. स्क्रीनच्या शाईला थर असतो, बोट फिरवलं की कळतो. फॉइलसारखी आरशाची चमक नाही येणार, जुन्या दागिन्यासारखी येईल. तुझ्या कामाला तीच बरी नाही का? कागदही मग गुळगुळीत आर्ट कार्ड घेऊ नको, जरा खरबरीत, दुधाळ घे. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. शौकीन गिऱ्हाईक आलं की आम्ही तिथनं कागद मागवायचो. स्क्रीनला हातकागद चांगला चालतो, डिजिटल मशीन त्याला कुरकुरतं. फक्त प्रत्येक नग वाळत घालावा लागतो हे लक्षात ठेव. घाईनं चळत लावली की सोनं पुढच्याच्या पाठीला लागतं. दिवाळीत कामगार गावाला जातात, ते दिवस हिशेबात धर.

आकार मात्र बरोबर धरलास, जाणून का नकळत देव जाणे. १२ बाय १८ च्या शीटमधनं चार निघतात आणि मशीनच्या पकडीला कड राहते. अर्धा इंच वाढवला असतास तर दोनच निघाले असते आणि बाकीचा कागद रद्दीत. कडेला ३ मिलीमीटर जास्तीचं सोड. तुमच्या कारखान्यात शंभरावा भाग मोजत असाल, कटिंगवाल्याकडं एक मिलीमीटर इकडंतिकडं होतंच. साज कडेला अगदी चिकटवलास तर एका बाजूचं कासव अर्धं कापलं जाईल.

पोस्टानं पाठवणार असशील तर आणखी एक. पत्राचा दर २० ग्रॅमच्या टप्प्यानं चढतो. तुझ्या मापाची ३०० जीएसएमची दोन कार्डंच साडेसतरा ग्रॅम भरतात. पाकीट धरलं की टप्पा ओलांडला. हळदीचं कार्ड निम्म्या मापाचं आणि २०० जीएसएमचं केलंस तर जेमतेम आत बसेल आणि तू वर चार अक्षता टाकल्यास की परत बाहेर. कोरा नमुना करून पोस्टात काट्यावर ठेव, मग कागद आण.

अक्षरांचं दुखणं सोपं आहे. तू युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलच्या नव्या पद्धतीत टाइप करतोस, प्रेसमध्ये डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर कोरल आणि श्रीलिपीचे जुने फाँट. त्या दोघांचं जमत नाही. जुन्या कोरलला युनिकोड मराठी दिलं की ऱ्हस्व वेलांटी वाट चुकते. मजकूर तुझ्याकडंच नीट बसव, अक्षरं कर्व्ह कर आणि पीडीएफ दे. कर्व्ह म्हणजे अक्षराचं चित्र झालं, मग कुठल्याही मशीनवर हलत नाही. पण मग दुरुस्तीही करता येत नाही, म्हणून मूळ फाइल जपून ठेव. "वऱ्हाड"मधला तो ऱ वेगळा आहे, खाली नुक्ता असलेला. तोच टाइप कर, साधा र पाय मोडून टाकलास की रफार होऊन ह च्या डोक्यावर जातो. आणि फाँट निवडताना ल आणि श बघ. पुष्कळ फाँटात ते हिंदी वळणाचे असतात. आपल्या ल ला दोन पाकळ्या असतात आणि श ला वर गाठ. "शुभविवाह"चा पहिलाच श परका दिसला तर पुढं काय वाचायचं?

चुका. चाळीस वर्षांत सगळ्यात जास्त चुकलेला शब्द "आशीर्वाद". "आर्शिवाद", "आशिर्वाद", लोक लिहूनच तसं आणतात आणि बरोबर छापलं तर भांडतात. मग "ज्येष्ठ"चा य जातो, "द्वितीय"चं "व्दितीय" होतं. शके लिहिणार असशील तर इसवी सनातनं ७८ वजा कर. लग्न जानेवारी ते पाडव्याच्या आत असेल तर ७९. बरेच लोक गेल्या वर्षीची फाइल उघडून नावं बदलतात आणि शके तसाच राहतो.

माझी स्वतःची चूक सांगतो. खिळे वापरून झाले की परत आपापल्या खणात टाकायचे असतात. पोऱ्यानं ६ चा खिळा ३ च्या खणात टाकला. मी सवयीनं न बघता उचलला. मुहूर्त "दु. १२ वा. ६५ मि." असा छापून गेला. ५०० पत्रिका. घरच्यांनी वाचली, व्याह्यांनी वाचली, कुणाला दिसलं नाही. मांडवात भटजींनी विचारलं, "यजमान, एक वाजून पाच धरायचं का?" तेव्हापासून आकडे मी उलटीकडनं वाचतो. तू पण प्रूफ घरच्याला देऊ नको. घरच्याला पाठ असतं, तो वाचत नाही.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नावर मी काय बोलू? आमच्याकडं कागदावर जे लिहून यायचं ते जुळवायचो. नवरा गेलेल्या आईचं नाव बारीक टायपात खाली, असं मी शेकड्यानं जुळवलंय. कधी विचारलं नाही का म्हणून. एवढंच सांगतो, मान पॉइंटात, म्हणजे अक्षराच्या मापात, मोजला जातो. एका व्याह्यानं प्रेसमध्ये येऊन पट्टी लावली होती, आमची नावं १४ ची आणि त्यांची १६ ची कशी म्हणून. जे नाव घालशील ते इतरांच्याच मापात घाल. बाकी कुणा बाईमाणसानं सांगावं.

जुना_शिवाजीपेठी

मास्तरांना नमस्कार. पत्रिकेतनं जुनी भाषा गेली याचं वाईट वाटतं. आजोबांची पत्रिका माझ्याकडं आहे, "यांचा शरीरसंबंध अमुक यांचे कन्येशी करण्याचे योजिले आहे". सरळ, स्पष्ट. परवा नातीला कौतुकानं वाचायला दिली, ती दुसऱ्या ओळीला तोंडावर ओढणी घेऊन पळाली.

साचेवाला

आजोबा, ही ओळ घातली तर ताई पळेल आणि परत येणार नाही.

मास्तर, आज डबा खाताना तुमचं आख्खं वाचलं. पाव मिलीमीटरचं ऐकून घरी येऊन खऱ्या मापात प्रिंट काढली. खवले गेले, माशाचा ठिपका झाला होता. रेघा जाड करतोय.

शिरोळची_लेक

मी बाईमाणूस, म्हणून मास्तरांच्या सांगण्यावरनं लिहिते. (घरी आम्ही "लिहितो"च म्हणतो, सासरी पुण्यात हसतात.)

आमच्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड ठाऊक असेल. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. माझं लग्न पुढच्या वर्षी झालं. आमचं गाव हेरवाड नाही, तिथनं थोडं लांब. वडील मी दहावीत असताना गेले. पेपरात ठराव वाचून टाळ्या वाजवणारे आमचे चुलते पत्रिकेच्या वेळी म्हणाले, "तो ठराव बांगड्यांचा, पत्रिकेचा कुठं आहे?" बरोबरच होतं त्यांचं. पत्रिकेचं कलम ज्यानं त्यानं आपल्या घरात घालायचं.

नेमके शब्द विचारलेत, देते. आमच्यात असं छापलं: "कै. (वडिलांचं पूर्ण नाव) व (आईचं पूर्ण नाव) यांची कनिष्ठ कन्या चि. सौ. कां. अमुक". दोन्ही नावं एका ओळीत, एकाच मापात. आणि खाली "निमंत्रक" म्हणून पहिलं नाव परत आईचं, त्याखाली चुलता-चुलती. आईच्या नावामागं "सौ." नाही आणि "श्रीमती"पण नाही. सरकारी कागदात श्रीमती कुणालाही लावतात, पण आपल्याकडं लग्नपत्रिकेत श्रीमती दिसलं की माणसं काय समजतात ते तुम्हाला माहीत आहे. वडिलांच्या मागचं "कै." सगळं सांगतंच की. तेच परत आईच्या नावावर कशाला गोंदवायचं?

आता चुलत्यांचं. त्यांना खालची जागा दिली असं वाटू द्यायचं नव्हतं, आमच्यावरपण त्यांचे उपकार होतेच. माझ्या मामीनं तोडगा काढला. पाकिटावर "प्रेषक" म्हणून एकट्या चुलत्यांचं नाव आणि पत्ता. पत्रिका उघडेपर्यंत कुणी आत काय वाचत नाही, पाकीट मात्र प्रत्येकाच्या हातात पहिलं येतं. साडेचारशे घरांत पहिलं नाव चुलत्यांचं गेलं. ते इतके खूश झाले की पाकिटं डकवायला स्वतः बसले.

जाता जाता कामाची एक गोष्ट. विवाह नोंदणीला जाल तेव्हा लग्नपत्रिका मागतात. नसेल तर प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागतं. ताईचं आणि दाजींचं नाव आधार कार्डावर आहे तसंच छापा. माझ्या नवऱ्याचं घरातलं लाडकं नाव पत्रिकेवर गेलं होतं, वर कंसात खरं नाव नव्हतं. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "हे कोण?" अर्धा दिवस गेला. आणि पाच-दहा पत्रिका कोऱ्या बाजूला ठेवा, सगळ्या वाटून टाकू नका. आमच्याकडं शेवटी देवघरातली हळद-कुंकू लावलेली पत्रिका जोडायची वेळ आली.

मोरेवाडीचा_पिक्सेल

नकाशाचं वाचलं म्हणून थोडकं सांगतो, हेच काम करतो. नकाशा काढू नका, क्यूआर कोड टाका. पण तो सोनेरीत छापू नका, सोनेरी शाई उजेडात चमकते आणि मोबाइल वाचत नाही. लाल शाईही काही मोबाइलना जड जाते, त्यामुळं हळदीच्या कार्डावर एवढा एक काळा रंग घ्या. पांढऱ्यावर काळा, निदान दोन सेंटिमीटर, भोवती मोकळी जागा. फुकटच्या साइटवरनं केलात तर तो कायमचा आहे ना बघा. काही ठिकाणी चौदा दिवसांनी कोड बंद पडतो आणि पैसे भरा म्हणून पान येतं, तेपण नेमकं वऱ्हाड गंगावेशीत गाडी उभी करून रस्ता शोधत असताना.

कार्यालयाचं नाव मात्र अक्षरांत टाकाच, जवळच्या ओळखीच्या खुणेसकट. गावाकडचं माणूस क्यूआर बघत नाही, पानपट्टीवर विचारतं.

व्हॉट्सॲपसाठी छापायचीच फाइल पाठवू नका. उभी वेगळी करा, १०८० बाय १९२०, मजकूर निम्मा, अक्षर दुप्पट. म्हातारी माणसं चष्मा शोधायच्या आधी ती वाचता आली पाहिजे.

नाद_एकच

पाकिटावर चुलत्याचं नाव! मामीला कुठल्यातरी बँकेचं चेअरमन करा राव.

साचेवाला

मंडळी, बारा दिवसांनी परत आलोय. काय झालं ते सांगणं कर्तव्य आहे.

काकांना पाकिटाचं सांगितलं. पाच मिनिटं गप्प. मग म्हणाले, "प्रेषकाखाली मोबाइल नंबर पण टाक." आमच्याकडं याला होकार म्हणतात. आत शिरोळच्या ताईंनी दिलेलेच शब्द घातले, "कनिष्ठ"चं "ज्येष्ठ" करून. य सकट, मास्तर.

प्रेस तिसरीच मिळाली, स्क्रीनवाली. बिनखांबी गणेशाच्या अलीकडं, एक माडी चढून. नवरा शाई ओढतो, बायको नग उचलून तारेच्या जाळीवर वाळत टाकते. ५२ नाही आणि २१ नाही, दोन रंगांचे, पाकिटासकट ३४ ठरले. दुधाळ कागद. हळदीचं कार्ड निम्मं केलं, पोस्टात नेऊन काट्यावर ठेवलं. १९ च्या वर काटा हलला आणि थांबला. अक्षता पाकिटात घालणार नाही, हातानं द्यायच्या पत्रिकांबरोबर वेगळी पुडी देणार. पहिली पत्रिका अंबाबाईला, दुसरी जोतिबाला, त्या दोन्हींना आई जाणार आहे.

मास्तर, तुम्ही प्रूफ बाहेरच्याला द्या म्हणाला होता. आमच्या कारखान्यातल्या क्वालिटी इन्स्पेक्टरला दिलं, त्यानं कार्यालयाच्या पत्त्यात एक चूक काढली. मी निर्धास्त. सोनेरी स्क्रीन तयार झाला, पहिला नमुना घरी आणला, आईच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला. मला वाटलं नाव बघून काहीतरी बोलेल. तिनं नाव बघितलंसुद्धा नाही. बोट कडेनं फिरवत गेली आणि म्हणाली, "दोन कासवं?"

मी म्हटलं, कुठली?

"हे एक, हे एक. दोन मासे. दोन शंख. साजात एकेकच असतंय रं. आणि बाकीचे अवतार कुठं गेले?"

मिरर. अर्धी बाजू काढून मी मिरर मारली होती आणि तुम्हा सगळ्यांना वर तसं लिहूनही दिलं होतं, २१ पानांचा हिशेब सांगून. मास्तरांपासून नाद_एकचपर्यंत कुणी पकडलं नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. २१ पानं म्हणजे २१ वेगळी पानं, हे मला पाठ होतं आणि काढली मी ११.

मग रात्री डबा परत उघडला. फोटोत क्रम नीट कळेना, पसरताना माझ्याकडनंच मागंपुढं झालं होतं. आईनं साज गळ्याशी धरला, आरशासमोर उभी राहिली आणि डावीकडनं एकेक नाव सांगत गेली. मी लिहून घेत गेलो. आरशात डावं-उजवं उलट दिसतंय हे माझ्या पाचव्या पानाला लक्षात आलं, परत पहिल्यापासून. ताई दारात उभी राहून हसत होती. उरलेली दहा पानं काढायला तीन रात्री गेल्या. स्क्रीन नवा करावा लागला, त्याचे पैसे वेगळे. प्रेसवाल्या वहिनी म्हणाल्या, आमच्या नजरेला पण नव्हतं आलं हो, आणि वर स्वतःच्या साजाचा विषय काढून अर्धा तास.

काल ६०० पैकी पहिले २०० वाळून आले. आता यादी. नावं छापायची नाहीत असं ठरलं, काकांचं अक्षर चांगलं आहे, पाकिटं ते लिहिणार. यादी गाववार केली आहे म्हणजे एका गावात एकाच माणसाकडं गठ्ठा देता येतो. कागल झालं, गारगोटी झालं. मुरगूड २३ घरं म्हणून बांधून ठेवलं होतं, आज सकाळी आईला आणखी दोन आठवली. गठ्ठा सोडून परत बांधतोय.